डाव्या गुडघ्याचा रकाना : डिझायर की अमेझ, साताऱ्यातल्या एका घराने कसं ठरवलं

ऑगस्ट 2025च्या तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. "गाडी बदलायची आहे. हे डिझायर म्हणतायत, मला अमेझ बघायची आहे. तू शनिवारी ये आणि आमच्या दोघांसमोर बसून हिशोब मांड." डिझायर मारुतीची, अमेझ होंडाची, दोन्ही मागे वेगळी डिकी असलेल्या छोट्या सेडान. मी गाड्यांच्या धंद्यात नाही. पण नात्यातल्या आणि मित्रांच्या सात-आठ गाड्या घेताना सोबत फिरलोय, त्यामुळे असे फोन मला येतात. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण त्यात जे ठरलं ते कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात मला कधी दिसलं नव्हतं.

घर आणि गरज

ताई 51 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर साताऱ्यात, शाळा ठोसेघरच्या रस्त्याला, घरापासून 18 किलोमीटर. समर्थ मंदिर, मग बोगदा, सज्जनगडाचा फाटा आणि पुढे चढ. रोज जाऊन-येऊन 36 किलोमीटर ती स्वतः चालवते. दाजी बँकेतून निवृत्त झालेत, गावात स्कूटर वापरतात. गाडीला ते हात लावतात तो महिन्यातून एकदा, आईला पुण्याला तपासणीला न्यायचं असतं तेव्हा. ताईच्या सासूबाई 78 वर्षांच्या. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वॉकर. भाचा बारावीला.

आधीची गाडी अकरा वर्षं जुनी मॅन्युअल हॅचबॅक. तिच्या डिकीत वॉकर ठेवला की बॅग मांडीवर घ्यावी लागायची. म्हणून "मागे डिकी असलेली गाडी" यावर दोघांचं एकमत होतं. बजेट ऑन रोड, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरून, अकरा लाखांच्या आत.

दोन्ही गाड्यांची लांबी 3995 मिलीमीटर. डिझायरचं इंजिन 1197 सीसी, अमेझचं 1199. हे आकडे इतके जवळ आहेत ते करामुळे. 2006च्या अर्थसंकल्पात 4 मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी झालं. 2008मध्ये टाटांनी पुण्यात बनणारी इंडिगो त्या मापात बसवून इंडिगो सीएस आणली. त्याच वर्षी आलेली पहिली डिझायर 4 मीटरपेक्षा लांब होती, तिची शेपटी 2012मध्ये आखूड झाली. अमेझ 2013मध्ये आली ती याच मापात. आत्ताच्या दोन्ही पिढ्या महिन्याभराच्या अंतराने आल्या : डिझायर 11 नोव्हेंबर 2024ला, अमेझ 4 डिसेंबरला.

दाजींची वही

दाजींनी आडव्या रेघांच्या वहीत उभे रकाने आखले होते. बँकेतलं अक्षर, एकही खाडाखोड नाही. किंमत, मायलेज, डिकी, जमिनीपासूनची उंची, पॉवर, सुरक्षेचे तारे, सर्व्हिस, रीसेल. त्यांच्या कष्टाला मी मनापासून दाद दिली, कारण बहुतेक माणसं एवढंही करत नाहीत.

मायलेजच्या रकान्यात डिझायर फार पुढे होती. प्रमाणित आकडा मॅन्युअलला लिटरमागे 24.79, एएमटीला, म्हणजे तिच्यातल्या ऑटोमॅटिकला, 25.71. अमेझ मॅन्युअलला 18.65, सीव्हीटीला, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकला, 19.46. शिवाय डिझायरला कंपनीचं सीएनजी, किलोमागे 33.73. डिकी अमेझची मोठी, 416 लिटर, डिझायरची 382. जमिनीपासूनची उंची अमेझची 172 मिलीमीटर, डिझायरची 163. पॉवर अमेझची 90 पीएस आणि इंजिन चार सिलिंडरचं, डिझायरची 82 आणि तीन सिलिंडर. रकाने मोजले तर बरोबरी व्हायची, पण दाजींनी मायलेज आणि रीसेलखाली दोन-दोन रेघा मारल्या होत्या.

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या वहीत गाडी कोण चालवणार ते लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं. तिचा डावा गुडघा दोन वर्षं त्रास देतोय. उतरताना आधी दाराला धरून उभी राहते, मग पाऊल टाकते. डॉक्टरांनी क्लच कमी करायला सांगितलं होतं, पण घरात ही गोष्ट "ताईच्या गुडघ्याचं काहीतरी" एवढीच होती. शोरूमला दोघं गेली तेव्हा सेल्समन सगळं दाजींना सांगत होता. मायलेज दाजींना, किल्ली दाजींना, ड्रायव्हरच्या सीटवर आधी दाजी. रोज चालवणारी बाई शेजारी पर्स धरून उभी. हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि दाजींनाही वाटलं असावं, ते काही बोलले नाहीत.

मी भाच्याला एक काम दिलं. सोमवारी कॉलेजला दांडी मारून आईबरोबर शाळेपर्यंत जायचं, आणि तिचा डावा पाय किती वेळा क्लचवर पडतो ते मोजायचं. त्याने कागदावर पाच-पाचच्या काड्या मारल्या. घर ते शाळा, 164. येताना रस्ता मोकळा होता तरी 131. दिवसाला 295. महिन्याचे 22 दिवस धरले तर साडेसहा हजारांच्या जवळ.

तो कागद दाजी बराच वेळ बघत बसले. मग वही उघडली, पट्टीने नववा रकाना आखला आणि वर लिहिलं : डावा गुडघा.

एएमटी आणि सीव्हीटी, खऱ्या चढावर

इथून पुढे तुलना बदलली. सीएनजीचा विषय तिथेच संपला, कारण डिझायरचं सीएनजी फक्त मॅन्युअल गिअरमध्ये येतं. आता प्रश्न असा होता की डिझायरची एएमटी घ्यायची की अमेझची सीव्हीटी. बोलताना सगळे दोघींना "ऑटोमॅटिक" म्हणतात. आतलं यंत्र मात्र पूर्ण वेगळं असतं, आणि घाटात चालवणाऱ्याला तो फरक कळतो.

एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. तेच पाच गिअर, तोच क्लच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम पायाऐवजी एक यंत्र करतं. म्हणून ती स्वस्त पडते. बाजारात आली तेव्हा डिझायरमध्ये मॅन्युअल आणि एएमटीच्या किमतीत 45 हजारांचाच फरक होता. मायलेजही जात नाही. पण गिअर बदलताना क्लच सुटतो तेवढा क्षण इंजिनचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, आणि गाडी किंचित पुढे झुकून परत सावरते. सपाट रस्त्यावर ते चटकन सवयीचं होतं. चढावर, पुढे एसटी असताना, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असं चाललं की ते जाणवत राहतं. सगळ्याच एएमटींचा हा स्वभाव आहे, कुठल्या एका गाडीचा दोष नव्हे.

सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. पुलीच्या बाजू जवळ-लांब होतात, तसा पट्टा कमी-जास्त व्यासावर फिरतो आणि गिअरचं प्रमाण सलग बदलत जातं. झटका येण्याचं कारणच उरत नाही. मोबदल्यात काही गोष्टी सोसाव्या लागतात. अमेझमध्ये तिच्यासाठी तेव्हा 90 हजार ते सव्वा लाख जास्त मोजावे लागत होते. आणि अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिन ओरडतं, गाडीचा वेग मागाहून येतो. तिचं खास तेलही वेळेवर बदलावं लागतं, त्यात हयगय चालत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर ताई म्हणाली, "मला चालवून बघू दे."

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह सहसा हायवेवर तीन-चार किलोमीटर सरळ जाऊन वळून येते. त्यात घाटातलं काही कळत नाही. आम्ही दोन्हीकडे आधीच फोन करून सांगितलं की बोगद्याच्या पलीकडे जायचं आहे, गाडीत पाच माणसं असतील आणि ताई चालवेल. एका ठिकाणी दोनदा विचारावं लागलं, पण दोन्हीकडे हो म्हणाले. पाच माणसं म्हणजे सेल्समन, ताई, दाजी, सासूबाई आणि मी. वॉकर डिकीत.

रविवारी सकाळी डिझायर. पहिल्या पाच मिनिटांत ताईचा चेहरा मोकळा झाला, कारण क्लच नव्हता. स्टिअरिंग हलकं, गाडी अंगाला हलकी. बोगद्याच्या पुढे चढावर मुद्दाम थांबवायला सांगितली. ब्रेकवरून पाय काढला तरी हिल होल्डने गाडी धरून ठेवली, मागे आली नाही. तिसऱ्या वळणावर पुढे ट्रॅक्टर लागला, आणि गिअर खाली-वर होऊ लागले. ताईला ते चाललं. मागून सासूबाई म्हणाल्या, "गं, गाडी ठेचकाळतेय." त्यांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तो बारीक झोकाही पायाने रोखावासा वाटतो, हे त्या दिवशी मी पाहिलं.

दुपारी अमेझ. तोच रस्ता, तीच माणसं. चढाला इंजिनचा आवाज चांगलाच वर गेला आणि दाजी लगेच म्हणाले, "ही ओरडते." ते खरं होतं. पण सासूबाईंचे हात मांडीवर होते. ठोसेघरच्या अलीकडे शाळेच्या फाटकापाशी ताईने गाडी वळवली, तोवर दाजी मागे आईकडेच बघत होते.

एएमटीने ताईचा गुडघा वाचत होता, सीव्हीटीने गुडघा आणि खुबा दोन्ही. मला विचाराल तर पूर्ण प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती दुपार. मागे कोण बसणार त्याला नेल्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह करू नये.

चढ-उतार करताना

सासूबाईंना बसवण्यात दोन्ही गाड्या अवघड होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर बसायची जागा गुडघ्यापेक्षा खाली नसावी असं सांगतात, आणि सेडानमध्ये खाली बसावंच लागतं. फिजिओथेरपीच्या मुलीने दाखवलेली पद्धत कामी आली. सीटला पाठ करून उभं राहायचं, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. घट्ट फोमची उशी सीटवर ठेवली तेव्हा उतरणं सोपं झालं. दोन्ही गाड्यांत ती उशी लागणारच होती. खरं तर उंच बसायच्या गाड्यांचा विचार करायला हवा होता, मी तो मांडलाही, पण डिकी आणि बजेट या दोन्हीत बसणारी उंच ऑटोमॅटिक घरात कोणाला पटली नाही.

डिकीत घडी केलेला वॉकर दोन्हीत सहज गेला. कमोडची खुर्ची अमेझमध्ये आडवी बसली, डिझायरमध्ये थोडी तिरकी.

पैसे

दाजींचा मुद्दा पैशाचा होता आणि तो रास्त होता. तो टाळून चालणार नव्हतं, म्हणून आम्ही पूर्ण आकडा काढला.

वापर वर्षाला 12 हजार किलोमीटर. कंपनीच्या आकड्यातून घाट, एसी आणि गावातली वर्दळ यांचा साधारण चौथा हिस्सा वजा केला : डिझायर एएमटी 19, अमेझ सीव्हीटी साडेचौदा. पहिलीला वर्षाला 632 लिटर, दुसरीला 828. फरक 196 लिटर. 104 रुपयांच्या भावाने वर्षाला 20 हजारांच्या आसपास, पाच वर्षांत एक लाख.

किमतीचा फरक त्यावर. आम्ही बघत होतो ती व्हेरिएंट म्हणजे डिझायरची झेडएक्सआय आणि अमेझची व्हीएक्स. डिझायर झेडएक्सआय एएमटी बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून, 9 लाख 34 हजार, अमेझ व्हीएक्स सीव्हीटी 10 लाख. मधेच जीएसटीचं प्रकरण आलं. 15 ऑगस्टच्या भाषणात दर बदलणार हे समजलं होतं, 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ठरवलं की या मापाच्या पेट्रोल गाड्यांवरचा उपकरासह 29 टक्क्यांचा कर 22 सप्टेंबरपासून 18 टक्के होईल. बरेच जण म्हणाले, गाडी 11 टक्क्यांनी उतरणार. तसं होत नाही. करापूर्वीची किंमत 100 धरली तर आधी 129 द्यावे लागत, आता 118. म्हणजे दिसणारी किंमत साडेआठ टक्क्यांनी उतरते. त्या हिशोबाने पहिली 8 लाख 54 हजारांच्या आसपास, दुसरी 9 लाख 15 हजारांच्या. फरक 61 हजार, आणि महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, त्यामुळे तो आणखी पावणेसात हजारांनी वाढतो.

सगळं मिळून पाच वर्षांत एक लाख सत्तर हजार. दाजींनी तो आकडा नवव्या रकान्यात, डाव्या गुडघ्याखाली लिहिला. महिन्याला भागून पाहिला : 2,800 रुपये. "आईला महिन्यातून दोनदा फिजिओ येते, तिला यापेक्षा जास्त देतो," एवढंच म्हणाले.

तारे

एका गोष्टीने मात्र मला अडवलं होतं. डिझायरला नोव्हेंबर 2024मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे मोठ्यांसाठी 5 तारे मिळाले होते, जून 2025मध्ये भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीचेही 5. आधीच्या डिझायरला 2 होते, म्हणजे ही मोठी झेप आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. अमेझच्या नव्या पिढीचा निकाल आम्ही ठरवत होतो तेव्हा आलेला नव्हता, आणि आधीच्या अमेझला 2024च्या चाचणीत 2च तारे होते. सहा एअरबॅग आणि ईएससी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, दोन्हीत सगळ्या व्हेरिएंटला आहेत, पण त्यावरून सांगाड्याची मजबुती कळत नाही. मी ताईला स्पष्ट सांगितलं की या रकान्यात आज डिझायर पुढे आहे. ती रात्रभर विचार करून म्हणाली, "झटक्याने माझं लक्ष सासूबाईंकडे जात राहिलं तर तोही धोकाच." अमेझ हा तिचा निर्णय होता. मी वेगळं ठरवलं असतं का, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. नोव्हेंबर 2025मध्ये नव्या अमेझला भारत एनकॅपचे 5 तारे मिळाले तेव्हा मला खूप हलकं वाटलं.

अमेझच्या झेडएक्समध्ये कॅमेऱ्यावर चालणारी मदतनीस यंत्रणा येते, पुढच्या गाडीला पाहून ब्रेक लावणारी, लेन सांभाळणारी. दाजींना तिचं आकर्षण होतं. ठोसेघरच्या रस्त्यावर पावसाळ्यात पट्टे दिसत नाहीत, त्यामुळे झेडएक्सच्या खालच्या व्हीएक्सवर थांबलो.

कोटेशन

एका शोरूमच्या कोटेशनमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर यांचा संच "सक्तीचा" म्हणून लिहिला होता. तो काढायला सांगितला, तर डिलिव्हरी लांबेल असं उत्तर आलं. विमाही त्यांच्याकडूनच घ्यावा असा आग्रह. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, त्याचा दर ठरलेला असतो, 2025मध्ये 1000 ते 1500 सीसीला 10,640 रुपये अधिक कर होता. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात. बाहेरून तेच कव्हर साडेनऊ हजारांनी कमी मिळालं. तो कागद पुढे ठेवल्यावर शोरूमनेही विम्याचा आकडा खाली आणला, आणि संचाची सक्तीही गेली. दाजींनी बँकेत 34 वर्षं कागद वाचले होते, इथे त्यांच्याएवढं चोख कोणीच नव्हतं.

बिलाची तारीख

गणपतीत बुकिंग करा, ऑफर आहे, असे फोन रोज येत होते. दाजींनी परत मिळणारी बुकिंगची रक्कम भरली आणि लिहून घेतलं की बिल 22 सप्टेंबरच्या आधीचं नको, कारण कर बिलाच्या तारखेला लागतो. मधले दोन आठवडे पितृपक्ष. सासूबाईंनी तसंही त्या दिवसांत गाडी दारात येऊ दिली नसती. सर्वपित्री अमावास्या 21ला, घटस्थापना 22ला, नवा दरही 22ला. गाडी घरी आली 2 ऑक्टोबरला, दसऱ्याला.

मी ताईला दोन संध्याकाळी मैदानावर सराव करायला लावला. इतकी वर्षं क्लच दाबलेला डावा पाय सवयीने खाली जातो, आणि ऑटोमॅटिकमध्ये तिथे रुंद ब्रेक असतो. पहिल्याच फेरीत तसं झालं, गाडी जागेवर थांबली, मी डॅशबोर्डवर हात टेकला. मग तिने डावी टाच सीटच्या दिशेने मागे ओढून बसायला सुरुवात केली. तिसऱ्या संध्याकाळी गरज पडली नाही.

दाजी आता प्रत्येक टाकीचा हिशोब त्याच वहीत लिहितात. 13.6, 14.4, 14.7. नवव्या रकान्यात त्या आकड्याखाली त्यांनी जागा मोकळी ठेवलीय. डॉक्टरांची तारीख जानेवारीत आहे.